नवा कोळी सापडला म्हणजे नेमकं काय झालं?

वर्षातून दोनचारदा तरी व्हॉट्सॲपवर 'कोळ्याची नवीन प्रजाती सापडली' अशी बातमी फिरतेच, सोबत टपोऱ्या डोळ्यांचा फोटो, खाली सगळ्यांचे अंगठे, विषय संपला. २०२१ मधे ठाणे-कल्याण भागातला 'आयसियस तुकारामी' हा उडी मारणारा कोळी जाहीर झाला तेव्हा तर ती लई फिरली, कारण नाव ठेवलेलं तुकाराम ओंबळेंच्या स्मरणार्थ, २६/११ ला गोळ्या झेलून कसाबला धरून ठेवलेले तेच. छाती भरून येते खरी. पण माझ्याकडं आलेल्या मेसेजमधे खुद्द कोळ्याबद्दल दीड ओळ होती, आणि मला तर तेवढंच वाचायचं होतं!

आता बघा, तो कोळी काय २०२१ ला पैदा झाला नव्हता. तो तिथंच होता, माशा खात होता. नवं झालं ते त्याचं वर्णन, आणि ते काम फोटो काढण्याइतकं सोपं नाही. आमच्या परभणीच्या घरात भिंतीवर 'प्लेक्सिपस पायकुली' नावाचा कोळी नेहमी दिसतो, तुमच्याकडं पण असणारच, नर काळा आणि त्यावर पांढरे पट्टे, मादी मात्र तपकिरी, आणि पिल्लं अजून वेगळी. नुसता रंग बघून ठरवायचं म्हटलं तर एकाच घरातल्या नवरा-बायकोच्या दोन जाती करून बसाल, आणि जुन्या अभ्यासकांनी कोळ्यांच्या बाबतीत हे बरेचदा केलेलं पण आहे.

म्हणून रंग बाजूला ठेवून बघतात ते जननेंद्रियं. नराच्या तोंडाजवळ दोन आखूड पायांसारखे अवयव असतात, बॉक्सिंगचे ग्लोव्हज घातल्यासारखे, त्यांना पाल्प म्हणतात. त्यातूनच तो वीर्य मादीला देतो. मादीच्या पोटाखाली एक छोटी टणक पट्टी असते, तिच्या आतल्या नळ्या कशा वळल्यात ते दिसावं म्हणून ती रसायनात ठेवून पारदर्शक करतात, मग मायक्रोस्कोपखाली बघून चित्र काढायचं. हे सगळं पूर्ण वाढलेल्या कोळ्यातच दिसतं, पिल्लू कितीही देखणं असलं तरी उपयोग नाही. मग त्या गटातल्या जगभरच्या माहीत असलेल्या जातींशी एकेक करून ताडून बघायचं, आणि ज्या एका नमुन्यावर नाव ठेवलं तो संग्रहालयात अल्कोहोलमधे कायमचा ठेवायचा, म्हणजे उद्या कुणाला शंका आली तर बाटली उघडून बघता येतं. त्या बाटलीत रंग उडत जातात हो, म्हणून जिवंतपणीचा चांगला फोटो पण लागतोच.

या उडी मारणाऱ्या कोळ्यांचा फोटो काढणं म्हणजे वेगळीच मजा. बाकीचे कोळी पळतात, हा वळून बघतो. भाचा ओरडला, "मामा, हे माझ्याकडंच बघायलंय!" आणि खरंच बघत होता. आठ डोळे, त्यातले समोरचे दोन मोठे म्हणजे लांब नळ्याच, भिंग जागेवरच राहतं पण आतला पडदा हलतो, म्हणून डोकं न हलवता तो तुम्हाला न्याहाळू शकतो. उडी पण नाकतोड्यासारखी जाडजूड मांड्यांच्या जोरावर नाही, अंगातल्या द्रवाचा दाब वाढवून पाय झटक्यात सरळ करतो, आणि उडायच्या आधी मागं एक धागा चिकटवून ठेवतो, पडलाच तर लटकायला. जाळं विणून शिकारीची वाट बघत बसणाऱ्यातला हा नाहीच.

भाच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला, "नवीन निघाला तर माझं नाव देता येतं का?" आता २०१९ ला एका कोळ्याला 'मारेंगो सचिनतेंडुलकर' असं नाव दिलेलं आहे, त्यामुळं त्याची आशा काही चुकीची नाही. स्वतःच्या शोधाला स्वतःचं नाव द्यायला नियमात सरळ बंदी नाही पण ते वाईट दिसतं, सहसा कुणी करत नाही. दुसऱ्यानं दिलं तर चालतं. म्हटलं, आधी मामाला शोधू दे.

कोळ्यांच्या शास्त्रीय नावांची मोजणी धरतात १७५७ पासून, स्वीडनच्या क्लर्क नावाच्या अभ्यासकाच्या पुस्तकापासून. बाकी प्राण्यांची १७५८ ला, लिनियस या शास्त्रज्ञाच्या पुस्तकापासून. म्हणजे कोळी एक वर्ष सीनियर! तिथून पन्नास हजाराव्या जातीपर्यंत यायला २०२२ उजाडलं, आणि ती पन्नास हजारावी जात पण उडी मारणारीच निघाली, दक्षिण अमेरिकेतली 'गुरियुरियस मिनुआनो'. जगातल्या सगळ्या कोळ्यांची यादी स्वित्झर्लंडमधे बर्नच्या संग्रहालयात ठेवतात, ऑनलाइन कुणालाही बघता येते. यात उडी मारणाऱ्यांचं कुटुंब सगळ्यात मोठं, सहा हजारांच्या वर जाती.

माझं म्हणणं एवढंच, की लोकलच्या गर्दीचा तो ठाणे-कल्याण पट्टा, तिथं नवीन जात निघते, तर आमच्या मराठवाड्यात, बालाघाटच्या सीताफळात, गौताळ्यात, किनवटच्या सागात काय काय असेल? सह्याद्रीत पावसाळ्यात टॉर्च घेऊन जेवढे लोक फिरायलेत त्याच्या पावभर पण इकडं कुणी फिरत नाही, आम्हीच आमच्या मुलखाला 'काय आहे इथं, नुसत्या बाभळी' म्हणून मोकळे होतो. कापसात तर फवारणीआधी पान उलटून बघा, तुडतुड्यांच्या मागं लागलेला एखादा दिसेलच.

अभयारण्यातून वनखात्याच्या परवानगीशिवाय कोळी काय, काहीच उचलायचं नाही, ते आधीच सांगतो. पण फोटोला कोण अडवतंय. समोरून एक, वरून एक, बाजूनं एक असे काढा, नर-मादी दोन्ही मिळाले तर उत्तमच, तारीख, गाव आणि कोणत्या झाडावर होता ते लिहा, आणि आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाका. तिथं ओळखणारी माणसं बसलेली असतात. नुसतं 'कोळी, शेतात' असं लिहून मला पाठवू नका राव.