वीस तारखेचा तो चौकोन

जळगाव एमआयडीसीत डाळ आणि मसाल्यांची एक कंपनी आहे, तिथले संगणक मी सांभाळतो. त्या दिवशी वीस तारीख होती, जीएसटीचं ३बी रिटर्न भरायची मुदत संपणार होती. दुपारी अकाउंट्समधून नानांचा फोन आला. "भाऊ, लवकर या. कम्प्युटरमा व्हायरस घुसना!"

स्क्रीनच्या कोपऱ्यात एकामागून एक चौकोन उघडत होते: संगणक धोक्यात आहे, या नंबरवर फोन करा. नानांनी नंबर कागदावर उतरवूनही घेतला होता. फोन लागला असता, तर पलीकडच्याने दुरून संगणक चालवू देणारं रिमोट ॲप टाकायला लावलं असतं. आणि त्याच मशीनवर बँकेचं लॉगिन चालू होतं! अजूनही अंगावर काटा येतो.

अँटिव्हायरसला काहीच सापडलं नाही, कारण व्हायरस नव्हताच. बाजारभाव शोधताना कुठल्याशा पानाने 'रोबोट नसाल तर अलाऊ दाबा' म्हटलं, नानांनी दाबलं. ती खरं तर नोटिफिकेशन, म्हणजे सूचना, पाठवायची परवानगी होती. अशी परवानगी मिळाली की पान बंद केलं तरी साइट संदेश पाठवत राहते. यात नानांचा दोष नाही. दिवसभर पानोपानी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाला माणसाने दरवेळी अचूक उत्तर द्यावं, ही अपेक्षाच मला मान्य नाही.

ती परवानगी काढून टाकली आणि सर्व्हर गाठला. ग्रुप पॉलिसीत, म्हणजे सगळ्या संगणकांना एकाच जागेवरून लागू होणाऱ्या नियमांत, क्रोम ब्राउझरच्या नोटिफिकेशनचा आकडा २ केला, म्हणजे सरसकट बंदी. फक्त वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरचा पत्ता अपवादात घातला. गाडी आली की ते ब्राउझरमध्येच सूचना देतं. पॉलिसी आपोआप पोचायला दीडेक तास लागतो, त्यापेक्षाही थोडा जास्त. तेवढा वेळ कुणाकडे होता? अकाउंट्सच्या प्रत्येक मशीनवर नियम लगेच आणणारी 'जीपीअपडेट फोर्स' ही आज्ञा चालवली. रिटर्न वेळेत गेलं.

राहिला नंदुरबारचा लॅपटॉप. मिरची खरेदीवरचा माणूस तो घेऊन बाजारात फिरतो, आमच्या डोमेनमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या ताब्यातल्या संगणकांत, तो लॅपटॉप नाहीच. त्यासाठी इंटरनेटवरून नियम लावणारं क्रोमचं क्लाउड व्यवस्थापन घेतलं, नोंदणीचं टोकन, म्हणजे ओळखीचा कोड, त्या लॅपटॉपच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) टाकलं. त्याच्या कन्सोलवर, म्हणजे नियंत्रणाच्या पानावर, अहवाल आला, तेव्हा त्यात सवलतीची कूपनं शोधणारं एक एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) दिसलं. सगळ्या साइटवरचा डेटा वाचायची आणि बदलायची मुभा त्याला होती. त्यात बँकही आलीच.

मालकांना ते दाखवून परवानगी घेतली आणि एक्स्टेन्शनच्या बंदी यादीत नुसता तारा (*) टाकला: सगळीच बंद. मग लागतील तेवढी तपासून मान्य यादीत घेतली. पीडीएफ जोडायच्या एका एक्स्टेन्शनसाठी अकाउंट्सवाले माझ्याशी भांडले. त्या कामाचा वेगळा प्रोग्राम त्यांना टाकून दिला, ते एक्स्टेन्शन मात्र यादीत घेतलं नाही.