२^१२७७ − १ : अवयवाच्या शोधातील दुरुस्ती आणि पुढची नोंद

मागील नोंदीत २^१२७७ − १ या ३८५ अंकी संख्येसाठी चाळणीचा, म्हणजे अवयव होऊ न शकणाऱ्या संख्या आधीच गाळण्याचा, जो तपशील मी दिला होता, त्यात चूक होती. तेव्हाचे अर्धे काम त्यामुळे बाद करावे लागले आहे. मूळ घातांकाच्या मर्सेन संख्यांपैकी (म्हणजे २^न − १ या रूपाच्या, जिथे न मूळ आहे) संयुक्त असल्याचे सिद्ध झालेली, पण एकही अवयव न सापडलेली, अशी ही सर्वांत लहान संख्या आहे.

तिचा प्रत्येक मूळ अवयव २५५४क + १ या रूपाचा असतो (२५५४ म्हणजे १२७७ ची दुप्पट, आणि क ही कोणती तरी पूर्ण संख्या) आणि त्याला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ उरते. २५५४ ला ८ ने भागल्यास २ उरतात, म्हणून क ला ४ ने भागल्यावर ० किंवा ३ उरायला हवेत. माझ्या प्रोग्राममध्ये मात्र ० आणि १ लिहिलेले होते, कारण तो मुळात २^६७ − १ साठी लिहिला होता. ६७ ला ४ ने भागल्यास ३ उरतात, १२७७ ला भागल्यास १, आणि क चे चालणारे वर्ग, म्हणजे ४ ने भागल्यावर उरणाऱ्या बाकीनुसार पडणारे गट, त्यानुसार बदलतात. गणितज्ञ कोल यांनी १९०३ मध्ये दाखवलेला १९३७०७७२१ हा २^६७ − १ चा अवयव प्रोग्रामने बिनचूक शोधला होता, म्हणून मी निर्धास्त होतो. परंतु त्या अवयवाचा क १४४५५८० आहे आणि तो ४ ने निःशेष भागला जातो. म्हणजे चूक ज्या वर्गात होती, तिथपर्यंत माझी पडताळणी पोहोचलीच नव्हती. आता पडताळणीसाठी मी २^२९ − १ घेतो: तिच्या २३३, ११०३ आणि २०८९ या अवयवांचे क अनुक्रमे ४, १९ आणि ३६ असल्यामुळे दोन्ही वर्ग तपासले जातात, आणि जुना प्रोग्राम ११०३ ला हमखास चुकला असता.

दुरुस्तीनंतर क = १०० कोटींपर्यंतचा शोध पुन्हा पूर्ण केला; अवयव मिळाला नाही, आणि इतक्या खालच्या टप्प्यात तो मिळण्याची अपेक्षाही नव्हती. सुरुवातीचे क हाताने तपासताना मात्र खूप आनंद झाला. क = ३, ४ आणि ७ यांतून येणाऱ्या संख्या ७९ × ९७, १७ × ६०१ आणि १९ × ९४१ निघतात, ८ आणि ११ हे ३ च्या चाळणीत गळतात, आणि पहिला खरा उमेदवार क = १२ ला ३०६४९ हा मिळतो. ३, ५, ७ आणि ११ यांची चाळणी एकत्र लावल्यास ४६२० ने भागल्यावरच्या बाकीनुसार पडणाऱ्या क च्या ४६२० वर्गांपैकी ९६० च शिल्लक राहतात.

अवयव ठाऊक नसताना संख्या संयुक्त कशी ठरते, असे एका वाचकाने विचारले होते. फर्माच्या चाचणीत पायाचा (संख्या − १) वा घात घेऊन त्याला त्या संख्येने भागतात; संख्या मूळ असेल तर बाकी १ उरते. २ हा पाया घेऊन केलेली ही चाचणी येथे निरुपयोगी आहे, कारण मूळ घातांकाची प्रत्येक मर्सेन संख्या, मग ती संयुक्त का असेना, त्या चाचणीत उत्तीर्ण होते. म्हणून मी ३ हा पाया घेतला आणि शिवाय मर्सेन संख्या मूळ आहे की नाही हे नक्की ठरवणाऱ्या लुकास-लेहमर चाचणीच्या १२७५ पायऱ्याही पूर्ण केल्या. शेवटची बाकी शून्य आली नाही, म्हणजे संख्या संयुक्त आहे. या संख्येच्या चौपटीत ३ मिळवले की २^१२७९ − १ मिळते, आणि ती मूळ असल्याचे गणितज्ञ रॉबिन्सन यांनी १९५२ मध्येच स्वॅक या संगणकावर दाखवले होते. इतक्या जवळच्या दोन संख्यांपैकी एकीचा प्रश्न तेव्हाच सुटला आणि दुसरी आजही दाद देत नाही, हेच मला या कामाकडे पुन्हा पुन्हा ओढते.

सध्या ईसीएम, म्हणजे लंबवर्तुळी वक्रांची पद्धत, चालू आहे; तीत एकेक वक्र यदृच्छेने निवडून अवयव शोधला जातो. ३५ अंकी अवयवांसाठी प्रत्येक वक्रावर किती खोल शोधायचे हे ठरवणारी पहिली मर्यादा १० लाख ठेवून सुमारे ९०० वक्र लागतात. त्यांपैकी ३४० झाले आहेत. सगळे झाल्यावरही असा अवयव निसटून जाण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के राहते. इतरांनी या संख्येवर याहून कितीतरी खोल काम केलेले असल्यामुळे माझ्या वक्रांकडे मी स्वतंत्र फेरतपासणी म्हणूनच पाहतो. विशेष संख्याक्षेत्र चाळणी या, खास रूपाच्या मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याच्या पद्धतीने २^१०६१ − १ या ३२० अंकी संख्येचे १४३ आणि १७७ अंकी अवयव २०१२ मध्ये मिळाले. १२७७ साठी तोच मार्ग वैयक्तिक संगणकाच्या आवाक्यापलीकडचा आहे. उरलेले ५६० वक्र संपले की मर्यादा ३० लाखांवर नेऊन ४० अंकी टप्पा सुरू करेन.