किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची भीती वाटत नाही का?

कॉलेजात ओपन सोर्सवर, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता-सुधारता येतो अशा सॉफ्टवेअरवर, बोलायला गेलो की शेवटच्या पाच मिनिटांत एक हात वर होतोच. "सर, तुमच्या प्रोजेक्टमध्ये मर्ज करायचा अधिकार तुम्ही दुसऱ्यांना देऊन टाकलाय. भीती वाटत नाही का?" मागच्या वेळी शेवटच्या बाकावरून एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "उद्या कुणी वाट लावली तर काय करतील बे सर?" हळू म्हणाला होता, पण मला ऐकू आलं. मर्ज म्हणजे बाहेरून आलेला बदल मूळ कोडात मिसळून घेणं. किल्ली म्हणतो ती हीच.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. वाटते. पण सगळं एकट्यानं धरून बसायची भीती त्याहून मोठी निघाली, आणि ती मला डेंग्यूनं शिकवली.

माझी लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्राममध्ये वापरायचा तयार कोड, तशी छोटी आहे. जुन्या फाँटांत टंकलेला मराठी मजकूर ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा प्रमाण पद्धतीत, आणते. छापखान्यांत, पतसंस्थांत, देवस्थानांच्या कचेऱ्यांत वर्षानुवर्षांच्या फायली पडून असतात. फाँट हरवला की त्यांत नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. नोकरी पुण्याच्या कंपनीची, बसतो जुळे सोलापुरात, आणि हे काम रात्री जेवणं झाल्यावर. पहिली काही वर्षं लिहिणारा मी, तपासणारा मी, रिलीज करणारा, म्हणजे नवी आवृत्ती बाहेर काढणारा मी. त्याचा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू.

ऑक्टोबर २०२३ मध्ये तापानं फणफणलो. आमची लायब्ररी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत आहे, आणि त्याच महिन्यात तिची ३.१२ ही आवृत्ती आली. तिच्यातून डिस्टयुटिल्स हा जुना भाग काढून टाकला होता आणि आमची सेटअपची फाइल नेमकी त्यावरच उभी होती. नव्या पायथनवर लायब्ररी बसेना. दुरुस्ती दोन ओळींची होती, आणि एका अनोळखी मुलानं ती दुसऱ्याच दिवशी पाठवलीही होती. ती तीन आठवडे तशीच पडून राहिली, कारण बटण दाबणारा माणूस सलाइन लावून झोपला होता.

तेव्हा आमच्या अपार्टमेंटमधले वरच्या मजल्यावरचे काका आठवले. सोलापूरकरांना पाण्याचं सांगायला नको. काही दिवसांआड येतं, तेही कधी अपरात्री. आमच्याकडे वर्षानुवर्षं काकाच उठायचे, व्हॉल्व्ह फिरवायचे, मोटार लावायचे. एकदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते लेकीकडे गेले आणि पाणी आलं. दुसरा व्हॉल्व्ह उलटा फिरतो हे त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. टँकर मागवावा लागला. सोसायटीत सगळ्यात जास्त आवाज मीच चढवला होता: "काकांनी सांगून जायला नको का?"

बरा झाल्यावर वाटणी करायची ठरवली. पण वाटायचं काय? बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, कोड लिहायला माणसं कमी पडतात. लिहायला माणसं येतात हो. दोनशे ओळींची पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'हा बदल घ्या' अशी विनंती, कुणीतरी रविवारी दुपारी हौसेनं पाठवतो. ती समजून वाचायला माझ्या दोन रात्री जातात, आणि नाही म्हणायचं असेल तर समोरच्याचं मन न मोडता ते कसं लिहायचं यात तिसरी. तुटवडा असतो तो वाचणाऱ्यांचा.

पहिली वाचणारी मिळाली ती प्रोग्रामर नव्हतीच. लग्नपत्रिका, हँडबिलं करणाऱ्या एक डीटीपीवाल्या ताई. जुन्या फाँटांत बहुधा पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकतात आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराप्रमाणे लागतो. ही उलथापालथ ताईंच्या बोटांत बसलेली. एका पुल रिक्वेस्टमध्ये 'ऱ्या'तला र आणि रफार एकाच नियमात गुंडाळले होते. सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास. मी वाचलं, छान म्हणालो. ताईंनी कोड उघडलाच नाही, नुसता नमुन्याचा मजकूर पाहिला. जत्रेच्या हिशेबात 'आचाऱ्यांना पाच हजार' होतं, त्याचं 'आचार्यांना पाच हजार' झालं होतं. "अहो, स्वयंपाकी आहेत ते," ताई म्हणाल्या, "गुरुजी कुठं केलेत त्यांना?" त्या दिवसापासून नमुन्यांचं अख्खं फोल्डर ताईंच्या नावावर आहे.

एवढं जमत आलं होतं, तोच मार्च २०२४ मध्ये एक्सझेडचं प्रकरण बाहेर आलं. तुमचा प्रश्न खरं तर तिथून येतो, मला ठाऊक आहे. फायली आकसून ठेवणारं हे साधन लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये जिथंतिथं असतं, आणि ते वर्षानुवर्षं एकच माणूस बिनपगारी सांभाळत होता. २०२२ मध्ये अनोळखी नावांनी त्याच्यामागे तगादा सुरू झाला: पॅच (दुरुस्त्या) पडून आहेत, दुसरा माणूस घे. आपली मनाची तब्येत बरी नसते, हे त्यानं उघड सांगितलं होतं. 'जिया टॅन' या नावानं वावरणारं कुणीतरी मदतीला हजर होतंच. हळूहळू अधिकार त्या नावाकडे गेले आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचनं, म्हणजे दुरून दुसऱ्या संगणकावर, लॉगिन होताना अर्धा सेकंद जास्त का लागतोय अशी शंका आली, म्हणून हा चोरदरवाजा सापडला.

लोक म्हणाले, बघा, किल्ली दिली की असं होतं. मला त्यात वेगळं दिसलं. थकलेल्या माणसानं दिली, आणि मागणाऱ्याला घाई होती. दमल्यावर किल्ली देताना आपण माणूस पारखत नाही, सुटका बघतो. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सनं गिट, म्हणजे कोडातले बदल नोंदवून ठेवणारं साधन, लिहायला घेतलं एप्रिल २००५ मध्ये आणि जुलैत जुनिओ हमानोंच्या हाती सोपवलं. आजही तेच ते सांभाळतात. चार महिन्यांचं पोर दत्तक दिल्यासारखं! पण देणारा दमलेला नव्हता आणि घेणाऱ्याचं काम त्यानं पाहिलेलं होतं.

एक्सझेडमधली आणखी एक गोष्ट मी गाठीला बांधली. चोरदरवाजा जागा करणारा एक तुकडा गिटमधल्या कोडात नव्हताच, तो फक्त रिलीजच्या गठ्ठ्यात घातला होता. म्हणजे डोळ्यांत तेल घालून रिव्ह्यू केला असता तरी तो तिथं दिसला नसता. म्हणून आमच्याकडे मर्ज वेगळं आणि रिलीज वेगळं. मर्जची मुभा चौघांना; कुठल्या फोल्डरातल्या बदलाला कुणाचा होकार लागतो ते कोडओनर्स फाइलमध्ये लिहिलंय. रिलीजची दोघांनाच, आणि गठ्ठा कुणाच्या लॅपटॉपवर बांधायचा नाही, सर्व्हरवर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बांधायचा. रिलीज कशी करायची ते पानभर लिहून ठेवलंय. ते लिहिताना कळलं, निम्म्या पायऱ्या मी सवयीनं करत होतो; त्या का करायच्या ते मलाच सांगता येईना. आणि किल्ली दिली म्हणजे कायमची दिली असंही नाही. एकजण परीक्षा, मग नोकरी यात सहा महिने फिरकला नाही. त्याला विचारून अधिकार काढून घेतला. तो रुसला नाही, उलट सुटल्यासारखं बोलला.

कोडाच्या मुख्य शाखेला कुलूप आहे. दुसऱ्या कुणी होकार दिल्याशिवाय तिथं काहीच जात नाही, माझंही नाही. गेल्या आठवड्यात मी नमुन्यांच्या फोल्डरात एक बदल पाठवलाय. सहा दिवस झाले, पडून आहे. लग्नसराई चालू आहे, ताईंना पत्रिकांतून मान वर करायला फुरसत नाही.