‘तुमच्या समितीवर सरकारी माणूस आहे का?’

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाला एका परदेशी सॉफ्टवेअर कंपनीच्या भारतीय उपकंपनीकडून सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने समाजकार्यावर खर्चायचा, निधी मिळाला. नवे लॅपटॉप, इंटरनेट आणि संध्याकाळी मुलांना शिकवणाऱ्या मुलीचं मानधन त्यात बसलं. कार्यवाह म्हणून सगळे कागद मीच केले. एका प्रश्नाने जो मनस्ताप दिला, तो अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

नोंदणी, पॅन, आयकर सवलतीची 12ए आणि 80जी प्रमाणपत्रं हे सगळं आमच्याकडे होतं. असा निधी घेणाऱ्या संस्थेला 1 एप्रिल 2021 पासून सक्तीचा झालेला सीएसआर-1 हा नोंदणी अर्ज सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंट यांच्यापैकी एकाच्या सहीशिवाय जात नाही. तो आमच्या सीएने विनाखोळंबा भरून दिला.

मग कंपनीचं स्वतःचं पोर्टल. जगभरच्या संस्थांना एकच अर्ज. त्यात विचारलं होतं, समितीवर कोणी सरकारी कर्मचारी, लोकप्रतिनिधी किंवा त्यांचा जवळचा नातेवाईक आहे का? आमचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक, उपाध्यक्ष पंच म्हणजे ग्रामपंचायतीचे निवडून आलेले सदस्य, खजिनदार वीज खात्यात, एका सदस्याची सून आरोग्य केंद्रात परिचारिका. गोव्यातल्या गावात हिशेब नीट ठेवणारा आणि संध्याकाळी मोकळा असणारा माणूस बहुतेक सरकारी नोकरीतलाच सापडतो. मी ‘हो’ निवडलं.

अर्ज तपासणीत गेला तो गेलाच. खुलासा लिहायला जागा नाही, फोन नंबर नाही, ई-मेलला दर वेळी तेच ठरावीक उत्तर. शाळा सुरू झाली, पाऊस लागला, मुलं येऊन विचारायची, “बाई, लॅपटॉप कधी येतले?” मला काय सांगावं कळेना. त्यात कंपनी आणि आमच्यामधल्या मध्यस्थ संस्थेच्या माणसाने फोनवर सुचवलं, पंचांचं नाव गाळून नवी यादी चढवा, कागदापुरतंच तर आहे. मी भडकले. वाचनालय गळत होतं तेव्हा हेच पंचबाब स्वतः वर चढून कौलं परतायचे. त्यांचं नाव खोडून आणलेला लॅपटॉप मला नको होता. शिवाय खोटी यादी पुढे उघडकीला आली असती, तर संस्थेचं नाव कायमचं गेलं असतं. तुम्हालाही कोणी असं सुचवलं तर ऐकू नका.

मी एकच धोशा लावला: प्रश्न ज्यांनी घातला त्यांच्याशी बोलू द्या. शेवटी व्हिडिओ कॉल झाला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे समजावलं. अमेरिकेचा 1977 चा कायदा परदेशी सरकारी माणसांना लाच द्यायला बंदी करतो आणि देणगीच्या आडूनही लाच जाऊ शकते. 2004 मध्ये शेरिंग-प्लाऊ या औषध कंपनीला याच कारणाने 5 लाख डॉलर दंड झाला होता. पोलंडमधले किल्ले दुरुस्त करणाऱ्या एका संस्थेला तिने देणग्या दिल्या होत्या आणि त्या संस्थेचा प्रमुख सरकारी आरोग्य निधीचा संचालक होता. हे ऐकल्यावर प्रश्न मला पटला. पण तो विचारून माणसाला उत्तर द्यायला जागाच ठेवायची नाही, हे आजही पटत नाही.

मार्ग निघाला तो कार्यकारिणीच्या ठरावाने. कंपनीचं पंचायतीकडे कसलंही काम किंवा परवाना अडकलेला नाही. या निधीचा विषय येईल तेव्हा पंच बैठकीबाहेर राहतील. बँकेत त्यांची सही चालणार नाही. पैसे फक्त संस्थेच्या खात्यात, वस्तू जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे संस्थेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत. इतिवृत्ताची प्रत जोडली आणि अडलेला अर्ज हलला. हा ठराव आधीच करून ठेवा. करारासोबतच्या यादीत पंचबाबचं नाव आहे, तेही हुद्द्यासकट. याचा मला अभिमान आहे.

परदेशी कंपनी म्हणून एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी, लागेल, असं आम्हाला कितीजणांनी घाबरवलं. परकीय गुंतवणुकीच्या मर्यादेत बसणाऱ्या भारतीय उपकंपनीचा पैसा 2016 च्या दुरुस्तीनंतर परकीय धरत नाहीत. मात्र परदेशातल्या मुख्य कार्यालयाने थेट पैसे पाठवले, तर एफसीआरए हवंच, आणि ते पैसे घ्यायला स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातंही.

खाणी चालू होत्या तेव्हा आमच्या भागात मदत मागायला खाणवाल्यांकडे जायची सवय होती. 2012 मध्ये खाणी थांबल्या. आयटी कंपन्यांचं मोठं काम बेंगळुरू, हैदराबाद, पुण्यात, आणि कायदा कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या म्हणतो. पण प्राधान्य म्हणजे बाकीच्यांना मनाई नव्हे. गोव्यातून अर्ज बेलाशक करा.

जुने लॅपटॉप मात्र मागू नका. तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे जे 2 टक्के खर्चायचे असतात, त्यात वस्तूरूप देणगीची किंमत धरता येत नाही, हे केंद्राने ऑगस्ट 2021 च्या खुलाशात सांगितलं आहे. सीएसआर विभागाला खर्च दाखवायचा असतो, म्हणून अंदाजपत्रक रुपयांतच द्या, आणि दुरुस्तीचा खर्च त्यात पहिल्यापासून घाला. आमच्या करारात तो मी भांडून घालून घेतला.