व्हीलचं कूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. शब्दांबद्दल ही म्हण काही बोलत नाही, तेवढ्या पळवाटेवर मी शब्दकोश उघडून बसतो. सध्या इंग्रजी ‘व्हील’च्या मागे लागलोय.

आपलं ‘चाक’ संस्कृत ‘चक्र’वरून आलं, हे दिसतंच. पण ‘व्हील’ही त्याच घराण्यातलं, हे चटकन पटत नाही. नाकीडोळी काडीचं साम्य नाही. जुन्या इंग्रजीत मात्र तो ‘ह्वेओल’ होता, आणि खरी खूण त्या ‘ह्व’मध्ये आहे. संस्कृत, ग्रीक, इंग्रजी जिच्यातून निघाल्या त्या मूळ इंडो-युरोपीय भाषेतल्या ‘क्व’चा जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या शाखेत, ‘ह्व’ झाला. अशी स्थित्यंतरं याकोब ग्रिमने १८२२ मध्ये नियमात बसवली. (परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांपैकी थोरला, तो हाच.) म्हणून आपल्या ‘काय’च्या जागी इंग्रजीत ‘व्हॉट’ येतं. संस्कृतकडे येताना त्याच ‘क्व’चा, पुढे ‘ए’ असला की, ‘च’ झाला.

दोघांचा पूर्वज ‘क्वेक्वलोस’. अभ्यासक त्याच्या डोक्यावर तारा काढतात, कारण तो कुठेही लिहिलेला सापडलेला नाही, तर्काने उभा केलाय. ‘क्वेल’ म्हणजे फिरणं, आणि त्याचीच सुरुवात दोनदा म्हटलेली. आपलं ‘गरगर’ आणखी काय वेगळं आहे? चाक पहिल्यांदा फिरताना पाहिलेल्या माणसाच्या तोंडून दुसरं काय निघणार!

गंमत म्हणजे एका चाकामागोमाग अख्खी गाडीच हाती लागते. ‘ॲक्सल’ म्हणजे संस्कृत ‘अक्ष’, आपला ‘आस’. ‘योक’ म्हणजे ‘युग’, बैलांच्या मानेवरचं आपलं ‘जू’. चाकाच्या तुंब्याला इंग्रजीत ‘नेव्ह’ म्हणतात, ती ‘नाभी’. चाकाच्या गाड्यांचे जुन्यात जुने पुरावे इसवी सनापूर्वी ३५०० च्या आसपासचे. गाडीचे शब्द सामायिक आहेत, तेव्हा ती मूळ भाषा बोलणारी मंडळी त्या सुमारापर्यंत तरी एकत्र नांदत असावीत, असा बऱ्याच अभ्यासकांचा कयास. दगडविटांपेक्षा जोडाक्षरांवरून काळ ठरवणं मला तरी जास्त आवडतं.

ग्रीकांनी याच शब्दाचं ‘कुक्लोस’ केलं, त्यातून ‘सायकल’. म्हणजे ‘सायकलचं व्हील’ म्हणताना आपण चक्राचं चक्र म्हणतो. ‘सर्कल’ मात्र या भावकीतलं नाही. रूप जुळतं, गोलाई जुळते, पण ते ‘कडं’ या अर्थाच्या दुसऱ्याच शब्दावरून लॅटिनमार्गे आलंय, आणि खुशाल यांच्या पंगतीत बसलंय.