सासरचं कूळ शोधायला गेले आणि हायलँडमध्ये फसले

आधी पैशाचं सांगते, कारण ते अजून डोक्यातून जात नाहीये. एडिंबराहून निघणाऱ्या तीन दिवसांच्या ‘क्लॅन हेरिटेज’ सहलीसाठी आम्ही तिघांचे मिळून अठराशे पौंड मोजले. तिघं म्हणजे मी, नवरा आणि ८१ वर्षांचे सासरे (दोघंही अमेरिकन). फॉर्मवर आडनाव ठळक अक्षरांत लिहिलं होतं, आर्मस्ट्राँग. उत्तर आलं, ‘आपल्या पूर्वजांच्या भूमीत स्वागत.’ आणि नेलं कुठे, तर इन्व्हरनेसला, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ हायलँडमध्ये.

आर्मस्ट्राँगांचा हायलँडशी काडीचा संबंध नाही. ते स्कॉटलंड-इंग्लंडच्या सरहद्दीवरचे, लिडल नदीच्या खोऱ्यातले. साताऱ्याच्या माणसाला ‘चला, तुमचं मूळ गाव दाखवतो’ म्हणून गोंदियाला नेण्यातला प्रकार. कलोडनच्या रणांगणावर गाइडने आवाज खाली आणला, सासऱ्यांनी डोळे पुसले. हायलँडच्या बंडखोर क्लॅनांचा पाडाव झाला ती लढाई १७४६ ची. सासऱ्यांचे पूर्वज त्याआधीच पेनसिल्व्हेनियात उतरून जंगल तोडायला लागले होते, आणि त्याच्याही आधी निदान दोन-तीन पिढ्या आयर्लंडमध्ये होते. हे सगळं मला तेव्हा माहीत असतं तर अठराशे पौंड वाचले असते. म्हणून हा उपद्व्याप.

मी मूळची संगमनेरची, गेली बावीस वर्षं नॉर्थ कॅरोलायनात. माझ्या डोक्यात वंश शोधणं म्हणजे त्र्यंबकेश्वर. नाव-गाव सांगितलं की उपाध्ये बरोबर ती चोपडी काढतात आणि पणजोबांची मोडीतली सही समोर ठेवतात. अर्ध्या तासात काम, वर दक्षिणा. क्लॅन म्हणजे कूळ, चीफ म्हणजे कुळातला थोरला, टार्टन (क्लॅनचं चौकडीचं कापड) म्हणजे देवक, असा हिशेब मांडून मी निघाले होते. तिन्ही चूक.

क्लॅनचं आडनाव लावणारे सगळे एका रक्ताचे नसतात. जमीनदाराच्या छत्राखाली राहणारी कुळंही त्याचं आडनाव लावायची. (कूळ-कायद्यातली कुळं म्हणा हवं तर, तो अर्थ जास्त जवळ जातो.) आर्मस्ट्राँगांना तर आज मान्यताप्राप्त चीफसुद्धा नाही. चौकडीचं टार्टन आडनावाला बांधण्याची फॅशन एकोणिसाव्या शतकातली. १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिंबराला आला त्यानंतर तिने जोर धरला. सरहद्दीवरच्या घराण्यांना तर ती मागाहून चिकटवलेली. आणि कोट ऑफ आर्म्स, म्हणजे ढालीवरचं मानचिन्ह? स्कॉटलंडमध्ये ते चिन्ह एका व्यक्तीचं असतं, आडनावाचं नसतं. सहलीतल्या एका दुकानात ‘तुमच्या घराण्याचं राजचिन्ह’ म्हणून फ्रेम करून ७५ पौंडांना गळ्यात मारलं. घेऊ नका. आमचं गॅरेजमध्ये आहे.

आता थोडं स्कॉट्स-आयरिश म्हणजे काय ते, कारण हे नीट कळलं नाही तर प्रवास उलटा होतो, आमचा झाला तसा. हे लोक स्कॉटिश आणि आयरिश यांची सरमिसळ नव्हेत. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडचाही राजा झाला. मग मधल्या सरहद्दीला पूर्वीचा अर्थ राहिला नाही आणि तिथल्या गुरं पळवणाऱ्या घोडेस्वार टोळ्या, म्हणजे रीव्हर, नकोशा झाल्या. आपल्याकडचे पुंड-पाळेगार आठवा. आर्मस्ट्राँग त्यातले अव्वल. काहींना फासावर चढवलं, काही परागंदा झाले. १६०९-१० पासून राजाने उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे अल्स्टरमध्ये, जप्त केलेल्या जमिनींवर ब्रिटिश वसाहती बसवायला घेतल्या. तिथे हे गेले. शंभरेक वर्षांनी भाडेपट्टे महागले, पिकं बुडाली, लिननच्या धंद्याला खोट आली, तेव्हा १७१७-१८ पासून जहाजं भरभरून अमेरिकेला. पेनसिल्व्हेनिया, मग शेनांडोआचं खोरं, मग कॅरोलायना. सासरे आयुष्यभर स्वतःला ‘स्कॉच-आयरिश’ म्हणतात. अल्स्टरमध्ये हा शब्द उच्चारला की लोक मान डोलावतात आणि ‘अल्स्टर-स्कॉट्स’ म्हणून दुरुस्त करतात.

म्हणजे क्रम असा हवा: अमेरिकेतली घरची कागदपत्रं, मग अल्स्टर, आणि सगळ्यात शेवटी स्कॉटलंड. आम्ही शेवटापासून सुरुवात केली.

हायलँडमधून सुटल्यावर शहाणपण सुचलं आणि एडिंबराहून हॉइक-लँगम मार्गे कार्लाइलला जाणारी एक्स ९५ बस धरली. टीव्हियटहेडजवळ कार्लनरिगचं छोटं चर्च आहे. १५३० मध्ये अठरा वर्षांच्या पाचव्या जेम्सने जॉनी आर्मस्ट्राँगला भेटीला बोलावून साथीदारांसकट इथेच लटकवलं. स्मारक आहे, पंधरा मिनिटांत बघून होतं. गिलनॉकीचा बुरूज नदीकाठी नीट डागडुजी करून ठेवलाय, आत क्लॅनचं केंद्र आहे, तिकीट वसूल. चंद्रावर जाऊन आलेल्या नील आर्मस्ट्राँगला लँगम गावाने १९७२ मध्ये मानाचं नागरिकत्व दिलं. सासऱ्यांनी ही गोष्ट त्या दिवशी चार जणांना सांगितली, त्यातले तीन लँगमचेच होते.

खरा छळ मँगर्टनला. आर्मस्ट्राँगांच्या मुख्य शाखेचा बुरूज इथे होता, न्यूकॅसलटनच्या दक्षिणेला लिडलच्या काठावर. लँगमहून न्यूकॅसलटन साधारण सोळा किलोमीटर. सोयीची बस नव्हती, म्हणून टॅक्सी केली. भाव ठरवला नाही ही माझी चूक. जाताना माळरानावरून, वाटेत ‘सीनिक स्टॉप’, तिथे थांबल्याचे वेगळे, परतीला ‘वेटिंग’. एकूण ११० पौंड. आपला रिक्षावाला निदान मीटरकडे बघून तरी लाजतो. भाव आधी ठरवा, आणि दोन्ही बाजूंचा ठरवा.

न्यूकॅसलटनहून बंद पडलेल्या वेव्हर्ली रेल्वेच्या (१९६९ मध्ये बंद झाली) मोकळ्या झालेल्या मार्गाने चालत जाता येतं. तो भाग सपाट, छान, त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. रुळांची वाट सोडून बुरुजाकडे वळलात की संपलं. गुरांनी तुडवलेला चिखल, वर हिरवं गवत, त्यामुळे जमीन वाटते. माझा पाय पोटरीपर्यंत गेला, सासऱ्यांचा बूट आतच राहिला आणि ते एका पायावर नवऱ्याला धरून उभे. मी हाताने बूट उपसून काढला तेव्हा ‘फच्च’ असा जो आवाज झाला, तो या कुळशोधातला माझा सगळ्यात ठळक क्षण. पलीकडे चाळीस-एक गुरं आमच्याकडे एकटक बघत होती. चारशे वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या पूर्वजांनी कोणाकोणाची गुरं पळवली होती, त्याचा हिशेब मागत असावीत.

आणि एवढं करून दिसतं काय? कुंपणाच्या आत भिंतीचा एक ठोकळा. बस. पन्नाशीच्या आतले असाल, गुडघे धड असतील आणि आडनाव आर्मस्ट्राँग असेल तरच जा. गमबूट हवेत, ट्रेकिंगचे बूट नाही चालत. उंच नेच्यातून चालल्यावर रात्री गुडघ्यामागे, काखेत गोचीड तपासा. नवऱ्याला दोन सापडले. स्कॉटलंडमध्ये खाजगी रानातून जबाबदारीने चालायचा कायदेशीर हक्क आहे. उत्तर आयर्लंडमध्ये तसा नाही, तिथे शेतकऱ्याला विचारूनच आत जा.

स्कॉटलंडच्या कॅर्नरायन बंदराहून बेलफास्टची फेरी सव्वादोन तासांची. झोपले.

बेलफास्टला टायटॅनिक क्वार्टरमध्ये प्रोनी आहे, उत्तर आयर्लंडचं सरकारी दप्तरखानं. फोटोचं ओळखपत्र दाखवलं की कार्ड मिळतं, वाचनालय फुकट. पिशवी लॉकरमध्ये, आत फक्त पेन्सिल. अठराशे पौंडांत जे मिळालं नाही ते इथे काउंटरवरच्या बाईंनी दहा मिनिटांत दिलं. आमच्याकडे अठराव्या शतकातल्या एका खरेदीखताची प्रत होती, त्यात मूळ ठिकाण म्हणून एक शब्द. दोन वर्षं आम्ही तो ‘ॲगल अर्गर’ असा वाचत होतो आणि कोणत्याही नकाशावर सापडत नव्हता. बाईंनी कागद जरा लांब धरला, ओठ हलवले आणि म्हणाल्या, आघालर्चर. फर्माना नावाच्या काउंटीतली, म्हणजे जिल्ह्यातली पॅरिश, लिस्नास्कीजवळ. मी त्यांच्या पाया पडायचीच बाकी होते.

पण पॅरिश म्हणजे आपला तालुका म्हणा. खरी किल्ली टाउनलँड, म्हणजे वाडी. आयर्लंडभर साठ हजारांहून जास्त वाड्या आहेत आणि जुने कागद वाडीच्या नावाने लावलेले असतात. वाडी माहीत नसताना विमानाचं तिकीट काढू नका. अमेरिकेतलं मृत्युपत्र, थडगं, बायबलची पहिली कोरी पानं, जमिनीची खतं, सगळं आधी चाळा. नुसतं ‘आयर्लंड’ असेल तर अजून वेळ आलेली नाही.

दुसरी आमची चूक: स्कॉट्स-आयरिश म्हणजे प्रेस्बिटेरियन (स्कॉटलंडचा प्रॉटेस्टंट पंथ), असं धरून एक अख्खा दिवस त्या चर्चच्या नोंदींत घालवला. फर्मानात सरहद्दीवरून आलेली घराणी बहुतेक चर्च ऑफ आयर्लंडमध्ये, म्हणजे अँग्लिकन पंथात गेली. आणि त्या चर्चच्या बऱ्याच वह्या १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारातल्या दप्तरखान्याला लागलेल्या आगीत जळाल्या. १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचेही जवळपास सगळे कागद तिथेच गेले. उरलं ते तुकड्यातुकड्यांत. आम्हाला उपयोगी पडली १६३० च्या सुमाराची मस्टर रोल: जमीनदाराच्या हाताखाली कोण माणूस आणि त्याच्याकडे कोणतं हत्यार. नावापुढे तलवार, नावापुढे भाला, काहींपुढे काहीच नाही. फर्मानाच्या यादीत आर्मस्ट्राँग एक नाही, भरपूर. जॉन्स्टन आणि इलियटही, म्हणजे सरहद्दीवरचे जुने शेजारी (आणि वैरी) इथेही शेजारीच. त्यातला आमचा कोणता, ते ठरवता येत नाही. कोणी पैसे घेऊन ठरवून देतो म्हणाला तर पळा.

वर आणखी एक पाचर. अल्स्टरमधल्या काही अस्सल गेलिक घराण्यांनी, उदाहरणार्थ ट्रेनर आडनावाच्या लोकांनी, आडनावाचं भाषांतर करून आर्मस्ट्राँग लावलं, कारण त्यांच्या आडनावातला शब्द ‘बलवान’ अर्थाचा. म्हणजे मँगर्टनच्या चिखलाशी आपला संबंध नसूही शकतो. हे मी सासऱ्यांना लगेच सांगितलं नाही. बूट अजून वाळत होता. याचा निकाल वाय-डीएनए चाचणीने लागू शकतो, ती बापाकडून मुलाकडे जाणारी रेघ दाखवते. घरातल्या पुरुषाने द्यायची. ‘तुम्ही ४२ टक्के स्कॉटिश’ छापाच्या चाचण्या गप्पांना बऱ्या.

आघालर्चरचं जुनं चर्च पडकं आहे. १४८४ मध्ये मॅग्वायर घराण्यातल्या एकाचा तिथे वेदीपाशी खून झाला, अशी नोंद सांगतात. आवारातल्या जुन्या दगडांवर कवट्या, हाडं, वाळूचं घड्याळ कोरलेलं. अक्षरं झिजलेली. खडू, पीठ काहीही चोळू नका, दगड खराब होतो. मोबाइलचा टॉर्च दगडाला चिकटवून तिरका धरा, पुसलेलं अक्षर सावलीने वर येतं. आम्हाला अशी ‘आर्मस्ट्र’ एवढी अक्षरं दिसली, पुढचा दगड फुटलेला. गुडघाभर नेटल माजलेली, आपल्या खाजकुयलीची थोरली बहीण. एप्रिलमध्ये जा, ऑगस्टमध्ये नको. लांब बाह्या, जाड हातमोजे.

ओमाजवळचं अल्स्टर अमेरिकन फोक पार्क छान आहे, एक दिवस ठेवा.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी, कारण हे मला कोणी सांगितलं नाही: फर्मानात रस्ता कधी आयर्लंड प्रजासत्ताकात शिरतो ते कळत नाही. चौकी नाही, पाटी नाही, फक्त वेगमर्यादा मैलांची किलोमीटर होते. क्लोन्सहून कॅव्हनकडे जाणारा रस्ता तर चार वेळा सीमा ओलांडतो. नवरा-सासरे अमेरिकन पासपोर्टवाले, निवांत. मी मागच्या सीटवर घामाघूम. ब्रिटनच्या व्हिसावर बीआयव्हीएस (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) ही अक्षरं आहेत का ते निघण्याआधी बघा. असतील तर त्याच व्हिसावर पलीकडे जाता येतं. माझ्या व्हिसावर होती. ती मला परत आल्यावर शार्लटला कपडे धुवायला टाकताना दिसली.