पोटभर कागद

दुकानात टांगलेली सॅक कधीच रिकामी नसते. तिच्या पोटात चुरगळलेला कागद ठासून भरलेला असतो, म्हणून ती अशी छाती काढून उभी दिसते. तो कागद काढला की निम्म्या सॅका मान टाकतात. त्यामुळे माझा पहिला नियम: आधी कागद बाहेर. दुकानदाराचा चेहरा उतरतो, पण त्याला इलाज नाही.

यावेळी भाचीच्या कॉलेजची सॅक घ्यायची होती. बजेट तिच्या आईनं ठरवलेलं, रंग तिनं स्वतः ठरवलेला. मला सोबत नेण्याचं कारण एवढंच, की घरातल्या बिघडलेल्या चेनी माझ्याकडे येतात.

"मामा, तू तिथे भाषण नको देऊस हं," तिनं निघतानाच बजावलं.

मी कबूल केलं. पण माझी स्वतःची कॉलेजातली सॅक मी विसरलो नव्हतो. बाहेरून अगदी झकास होती. दुसऱ्या वर्षी तिच्या आतून कोंडा पडायला लागला. कापडाच्या आतल्या बाजूला पाणी अडवायला पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो. हवेतल्या ओलाव्यानं तो हळूहळू फुटतो, आधी चिकट होतो आणि मग पापुद्रे सुटतात. वही उघडावी तर पानापानांत पांढुरकी पापडी. एकदा प्रयोगवहीवर चिकटलेली पापडी सरांनी नखानं खरवडली, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता पान उलटलं. तेव्हापासून मी सॅक बाहेरून नंतर बघतो. आधी आत हात घालून अस्तर बोटांत चुरतो. कुरकुर आवाज आला, बोटाला चिकटपणा लागला, तर ती सॅक बराच काळ कुठंतरी पडून होती असं समजतो.

पहिली सॅक मी उलटीच केली. मोज्यासारखी, आतली बाजू बाहेर. भाचीनं इकडेतिकडे बघितलं, आपण या माणसाबरोबर नाही असा चेहरा करून. उलटी केल्यावर शिलाई खरं बोलते. दोन कापडं जोडली तिथं कापलेली कड नुसतीच सोडलेली आहे, की तिच्यावर पट्टी दुमडून शिवली आहे? कड उघडी असेल तर धागे रोज थोडे थोडे सुटतात आणि एक दिवस शिलाई शाबूत राहून कापडच तिच्यातून निसटतं. मग पट्टा. तो वरच्या बाजूला अंगात शिरतो ती जागा मी अंगठ्यानं चाचपतो. चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई असेल तर बरं, किंवा दाट, जाडसर टाके एकाच जागी घेतलेले असतील तरी चालतं. एकच सरळ रेघ असेल तर तो पट्टा तुटण्याचा मुहूर्त आपल्या घाईच्या दिवशीच असतो. या पहिल्या सॅकला एकच रेघ होती. परत टांगली.

आता चेन. (भाषण नव्हे, फक्त माहिती.) आपण जी चेन रोज ओढतो तिचा घाट गिडियन सुंडबॅक नावाच्या अभियंत्यानं 1913 मध्ये बसवला आणि मूळ कल्पना अजून तीच आहे: दोन बाजूंचे दात, आणि त्यांना एकमेकांत बसवत जाणारा रनर. चेन बिघडली म्हणजे दात गेले असं सगळे धरून चालतात. बहुतेक वेळा दात ठणठणीत असतात. रनरचा जबडा ओढून ओढून सैल होतो, दात पुरेसे दाबले जात नाहीत आणि त्याच्या मागं चेन पुन्हा उघडत जाते. पक्कडीनं रनरच्या दोन्ही कडा अगदी हलक्या हातानं दाबल्या, की बऱ्याचदा ती पुन्हा धावते. जोर जास्त झाला तर रनर फुटतो. हेही अनुभवाचे बोल. रनरच्या पाठीवर अनेकदा आकडा असतो, 5, 8 किंवा 10. मिटलेल्या दातांची रुंदी साधारण तेवढे मिलिमीटर. पेनाच्या कप्प्याला 5 पुरे, पण मोठ्या कप्प्याला 8 असेल तर मला झोप लागते. चेन कोपऱ्यावरून वळते तिथं रनर अडतो का, हे एका हातानं ओढून बघावं. वर्गात शिरताना दुसरा हात कुठं मोकळा असतो?

दुसऱ्या सॅकच्या वेळी दुकानदारानं ठेवणीतलं अस्त्र काढलं. "सहाशे डीचं कापड आहे!" डी म्हणजे डेनियर. 9,000 मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. म्हणजे 600 डी सांगतं धागा किती जाड आहे ते. कापड किती टिकेल ते नाही. 420 डेनियरचं चांगलं नायलॉन 600 डेनियरच्या साध्या पॉलिस्टरला घासण्या-फाटण्यात सहज मागं टाकू शकतं. विणही घट्ट हवी. कापड उजेडासमोर ताणून धरलं आणि जाळीतून बघितल्यासारखं पलीकडचं दिसलं, तर त्या सहाशेचं काय करायचं? तरी परवडणाऱ्या सॅकेत 600 डीचं पॉलिस्टर मला नापसंत नाही. फक्त आकडा ऐकून मान डोलवायची नाही.

मग मी पिशवीतून भाचीची पुस्तकं काढली, पाण्याची भरलेली बाटली काढली. आता मात्र ती खरंच दोन पावलं लांब सरकली. पण रिकामी सॅक पाठीला लावून आरशात बघणं म्हणजे बसून बूट घेणं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे आपण शाळेत शिकतो आणि सॅक भरताना विसरतो. अंगाच्या वजनाच्या 10 ते 15 टक्क्यांच्या आत ओझं असावं, असं साधारण सांगतात. 50 किलोच्या मुलीला 5 ते साडेसात किलो. त्यात लॅपटॉप, चार्जर, बाटली आली की पुस्तकांना उरतं किती? म्हणून मी 35 लिटरच्या सॅकला हातही लावू दिला नाही. जागा दिसली की सामान वाढतं. 20 ते 25 लिटर पुष्कळ झालं. हे लिटरही मजेशीर प्रकरण आहे. सॅकेत कुणी पाणी ओतून मोजत नाही, छोटे गोळे भरून मोजण्याची रीत आहे. आणि कुणी बाहेरचे खिसेही त्यात धरतं, कुणी धरत नाही.

तिसरी सॅक तिच्या पाठीवर बसली. पट्टे रुंद, खांद्यावर रुतत नव्हते. लॅपटॉपचा कप्पा तळापासून बोटभर वर संपत होता. हे महत्त्वाचं, कारण सॅक जमिनीवर ठेवत कुणीच नाही, टाकतात. कप्पा तळाला टेकलेला असेल तर आधी लॅपटॉपचा कोपरा आपटतो. बाजूचा बाटलीचा खिसा जाळीचा होता, तो पहिला फाटणार हे मला दिसत होतं, पण या पैशांत कुठंतरी मन मोठं करावं लागतं.

रंगावरून मात्र अडलं. तिला हवी होती काळी. मला बाहेरच्या रंगाशी घेणंदेणं नव्हतं, आतल्या होतं. अस्तरही काळं, पेनाचं टोपण काळं, चार्जरची वायर काळी, असं सगळं जमलं की सॅक म्हणजे विहीर. शेवटी एक मिळाली, बाहेरून काळी, आतून फिकट राखाडी. तिनं बाहेरून पसंत केली, मी आतून. पैसे देताना दुकानदारानं तो काढलेला कागद गोळा करून पुढच्या सॅकच्या पोटात भरायला घेतला.

या गोष्टीला तीन महिने झाले. परवा भाची आली आणि सॅक दारातच टाकली. धप्प आवाज झाला. एका खांद्यावर लटकवून आणलेली होती, पट्टे शेवटपर्यंत सैल सोडलेले. मी काही बोललो नाही. ती आत गेल्यावर चेन ओढून बघितली, सुरळीत चालत होती. जाळी अजून शाबूत होती, म्हणजे माझा अंदाज चुकला. वह्या, चार्जर, पेनं, छत्री, सगळं मोठ्या कप्प्यात एकत्र कालवलेलं. समोरच्या छोट्या कप्प्याचं मी दुकानात फार कौतुक केलं होतं, म्हणून तोही उघडला. आत दुकानातलाच चुरगळलेला कागद होता, घेतला त्या दिवसापासून तसाच.